गरिबी कमी झाली की वाढली? बातमीतला आकडा कसा तपासायचा

जून २०२५ मध्ये दोन बातम्या पाठोपाठ आल्या. एकीत होतं की भारतातली अतिगरिबी २७.१ टक्क्यांवरून ५.३ टक्क्यांवर आली, दुसरीत होतं की जगातल्या अतिगरिबांची संख्या साडेबारा कोटींनी वाढली. दोन्हींचा सोर्स एकच, वर्ल्ड बँक, आणि दोन्ही बातम्या खऱ्या होत्या. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मात्र कुणी पहिली टाकून पेढे वाटले, कुणी दुसरी टाकून जग बुडालं म्हणून रडून घेतलं, आणि दोन्ही बाजूंनी आकडा नक्की काय सांगतोय हे बघायची तसदी घेतली नाही. मला हे फार लागतं, कारण हा आकडा म्हणजे माणसं आहेत, त्यांचं आजचं जेवण आहे, त्यावर आपली मतं आणि सरकारांचं बजेट ठरतं. म्हणून हे लिहितोय, की अशी बातमी समोर आली की कुठल्या क्रमाने काय विचारायचं. इकॉनॉमिक्सची डिग्री लागत नाही, दहा मिनिटं आणि थोडी चिकाटी पुरते.

आधी विचारा, रेषा कुठली

सगळ्यात पहिला प्रश्न हाच, कुठली दारिद्र्यरेषा धरलीय. वर त्या साडेबारा कोटींचं काय झालं ते बघा. २०२२ सालासाठी आधीचा अंदाज होता ७१.३ कोटी, नंतर तोच झाला ८३.८ कोटी, वर्ष तेच बरं का. रातोरात कुणाच्या घरातलं धान्य संपलं नव्हतं, वर्ल्ड बँकेने रेषा दिवसाला २.१५ डॉलरवरून ३ डॉलरवर नेली होती, त्यामुळे आधी जे रेषेच्या जरासे वर होते ते खाली मोजले गेले. उलट भारताचा नवा सर्व्हे त्याच वेळी हिशोबात आला म्हणून वाढ साडेबारा कोटींवर थांबली, नाहीतर ती साडेबावीस कोटींच्या आसपास गेली असती.

ही रेषा दर काही वर्षांनी सरकत आलीय. १९९० मध्ये दिवसाला १ डॉलर अशी सुरुवात झाली, मग १.०८, २००८ मध्ये १.२५, २०१५ मध्ये १.९०, २०२२ मध्ये २.१५ आणि आता ३. सरकवण्यामागे दोन कारणं असतात, एक म्हणजे जगभरातल्या किमतींचा नवा डेटा येतो, दुसरं म्हणजे जगातले सगळ्यात गरीब देश स्वतः आपली दारिद्र्यरेषा कुठे ठेवतात त्यावरून ही ठरवली जाते, आणि या वेळी त्या देशांनीच आपल्या रेषा वर नेल्या होत्या कारण त्यांचे सर्व्हे सुधारले. त्यामुळे जुन्या बातमीतला १.९० वाला टक्का आणि नव्या बातमीतला ३ वाला टक्का शेजारी ठेवून ‘वाढली’ किंवा ‘घटली’ म्हणणं चूक. तुलना करायची तर दोन्ही वर्षं एकाच रेषेवर घ्या. ३ डॉलरचीच रेषा मागे नेली तर १९९० मध्ये जगात साधारण २३० कोटी माणसं तिच्या खाली होती, म्हणजे दहातले चारपेक्षा जास्त, आणि आज ८० कोटींच्या वर आहेत, म्हणजे दहातला एक. हा बदल प्रचंड आहे. तो झालाच नाही असं म्हणणाऱ्याने गेली ३५ वर्षं बघितलेलीच नाहीत.

आता ३ डॉलर म्हणजे किती रुपये? इथे जवळपास प्रत्येक जण बाजारातला भाव धरून ८५ ने गुणतो आणि अडीचशे रुपये काढतो. तसं नाहीये ते. हा डॉलर पीपीपीचा असतो, म्हणजे अमेरिकेत ३ डॉलरमध्ये जेवढा माल येतो तेवढाच माल भारतात घ्यायला किती रुपये लागतील असा हिशोब, आणि त्यात एका डॉलरला साधारण वीस-बावीस रुपये पडतात. म्हणजे माणशी दिवसाला ६०-६५ रुपये, तेही २०२१ च्या किमतींनी. पाच जणांचं घर धरलं तर महिन्याला नऊ ते पावणेदहा हजार. यात नुसता रोख खर्च येत नाही, घरच्या शेतातली ज्वारी, घरचं दूध यांचीही किंमत धरलेली असते. आणि ही मजुरी नाहीये, घरातल्या लहान पोरापासून म्हाताऱ्यापर्यंत प्रत्येकाच्या वाट्याला आलेला खर्च आहे, हे लक्षात ठेवलं तर निम्मा गोंधळ इथेच संपतो.

देशाच्या आतही रेषेवरून हेच होतं, आणि या वादातला एक मोठा टप्पा तर आपल्या पुण्यातच झालाय. १९७१ मध्ये गोखले इन्स्टिट्यूटच्या वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी माणशी रोज २२५० कॅलरी पोटात जायला किती खर्च लागतो यावरून रेषा काढली, १९६०-६१ च्या किमतींनी गावात महिन्याला १५ रुपये आणि शहरात साडेबावीस रुपये. पुढे तेंडुलकर समितीची पद्धत आली, तिच्या हिशोबाने २०११-१२ मध्ये गावात ८१६ आणि शहरात १००० रुपये महिना, आणि गरीब २१.९ टक्के म्हणजे सुमारे २७ कोटी. मग २०१४ मध्ये रंगराजन समितीने त्याच वर्षासाठी ९७२ आणि १४०७ रुपये धरले, तर गरीब झाले २९.५ टक्के, ३६ कोटींच्या वर. म्हणजे गावात माणशी रोजचे पाच रुपये आणि शहरात तेरा-चौदा रुपये इकडेतिकडे झाले की नऊ कोटी माणसं गरीब ठरतात किंवा ठरत नाहीत. यावरून लगेच ‘सगळे आकडे खोटे’ असं म्हणू नका. यावरून एवढंच कळतं की आपल्याकडे रेषेच्या अगदी आसपास, जरा वर जरा खाली, माणसांची केवढी दाटी आहे, एक आजारपण आलं किंवा एक पावसाळा गेला की वरचा माणूस खाली. माझ्या मते भारताच्या गरिबीबद्दल समजून घ्यायची सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच.

म्हणून एक सवय लावून घ्या, कुठल्याही देशाचा आकडा एकाच रेषेवर बघून थांबायचं नाही, वरची रेषाही बघायची. भारत २०२२-२३ मध्ये ३ डॉलरवर ५.३ टक्के, पण ४.२० डॉलरची रेषा घेतली (आपल्यासारख्या निम्न-मध्यम उत्पन्नाच्या देशांसाठी हीच ठेवलेली आहे) की तोच भारत २३.९ टक्के. २०११-१२ मध्ये तिथे ५७.७ टक्के होते, म्हणजे सुधारणा तिथेही मोठी आहे, पण ‘गरिबी संपली’ हे वाक्य मात्र टिकत नाही. आणि ८.३० डॉलरवर गेलात तर जगातली जवळपास निम्मी माणसं खाली येतात.

मग विचारा, मोजलं कसं

हा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही आणि खरी गंमत इथेच आहे, म्हणून इथे जरा थांबूया. गरिबीचा आकडा जनगणनेतून येत नाही, सर्व्हेतून येतो. सर्व्हेवाला घरी येतो आणि विचारतो, तेल किती आणलं, भाजी किती, कपडे, औषधं, फी. आता ‘गेल्या ३० दिवसांत’ म्हणून विचारायचं की ‘गेल्या ७ दिवसांत’ की ‘गेल्या वर्षभरात’, यावर उत्तर बदलतं. महिन्याभरात किती भाजी, अंडी, फळं आणली हे कुणाला आठवत नाही, माणूस कमीच सांगतो, आठवड्याचं विचारलं तर नीट आठवतं. याउलट कपडेलत्ते, फी, दवाखान्यात भरती व्हायचा खर्च हे सगळं वर्षातून कधीतरी होतं, ते ३० दिवसांचं विचारलं तर बहुतेक घरांत शून्य येतं.

याचा परिणाम किती होतो ते बघा. २०११-१२ सालीच भारतात सगळ्या वस्तूंसाठी ३० दिवसांची जुनी पद्धत आणि ७ दिवस, ३० दिवस, ३६५ दिवस अशी मिश्र पद्धत, दोन्हींनी माहिती घेतली होती. रेषा तीच १.९० डॉलरची, वर्ष तेच, देश तोच. जुन्या पद्धतीने गरीब आले २१.२ टक्के, नव्या पद्धतीने १२.४ टक्के! नऊ टक्क्यांचा फरक, म्हणजे दहा कोटींच्या वर माणसं, नुसतं किती दिवसांचं विचारलं यावरून. म्हणून ‘तेव्हा इतके, आता इतके’ अशी बातमी आली की दोन्ही वर्षांचे प्रश्न एकाच पद्धतीने विचारलेत का हे शोधायचं. वर्ल्ड बँक आता भारतासाठी दोन्हीकडे मिश्र पद्धतच धरते, तरीही २०२२-२३ चा सर्व्हे पूर्ण सारखा नाही, आधी घरी एकदाच जायचे, आता वेगवेगळ्या महिन्यांत तीनदा जातात, वस्तूंची यादी ३४७ वरून ४०५ वर गेलीय. सर्व्हे सुधारला ही चांगलीच गोष्ट आहे, पण सुधारलेल्या सर्व्हेत खर्च जास्त नोंदला जातो, त्यामुळे गरिबीतली घट थोडी जास्त दिसू शकते. घट झालीय यात मला शंका नाही, नेमकी किती यावर अभ्यासक अजून भांडतायत आणि ते भांडण खरं आहे.

मधल्या वर्षांचं काय असाही प्रश्न येतो. २०१७-१८ चा खर्चाचा सर्व्हे झाला होता, पण डेटाच्या दर्जाचं कारण देऊन सरकारने नोव्हेंबर २०१९ मध्ये तो जाहीर न करण्याचं ठरवलं, त्यामुळे २०११-१२ नंतर थेट २०२२-२३. या अकरा वर्षांच्या मधला कुठलाही टक्का, मग तो कुणाच्याही बाजूचा असो, तो अंदाज आहे. नोटाबंदी, कोविड, सगळं या रिकाम्या जागेत येतं. अशा मधल्या वर्षाचा टक्का कुणी दशांश चिन्हासकट छातीठोक सांगायला लागलं की विचारायचं, कुठल्या सर्व्हेतून?

अजून एक, देश बदलला की मोजायची गोष्टही बदलते. भारतात आणि आफ्रिकेत खर्च मोजतात, लॅटिन अमेरिकेत बहुतेक ठिकाणी उत्पन्न मोजतात. उत्पन्न एखाद्या महिन्यात शून्यही असू शकतं, खर्च शून्य होत नाही कारण माणूस उधारी करून का होईना जेवतो. त्यामुळे ब्राझील आणि भारत यांचे टक्के शेजारी ठेवताना जरा सांभाळून.

टक्के की माणसं

हे छोटंसंच आहे पण फसवणूक इथे खूप होते. सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेत १९९० मध्ये १.९० डॉलरच्या रेषेखाली ५४ टक्के माणसं होती, २०१५ मध्ये ४१ टक्के. म्हणजे प्रगती. पण संख्या २७.८ कोटींवरून ४१.३ कोटींवर गेली कारण लोकसंख्या त्याहून वेगाने वाढली. म्हणजे अधोगती? दोन्ही वाक्यं खरी आहेत, कुणी एकच सांगत असेल तर दुसरं स्वतः शोधा. आज जगातल्या दर सहा माणसांतला साधारण एक तिथला आहे, पण २.१५ च्या रेषेने २०२४ मध्ये जगातल्या अतिगरिबांपैकी ६७ टक्के तिथलेच होते. नायजेरिया, काँगो, मादागास्कर ही नावं आता गरिबीच्या चर्चेत पहिली यायला हवीत. आपल्याकडे अजून ‘जगातले सगळ्यात जास्त गरीब भारतात’ हे जुनं वाक्य फिरतं, अतिगरिबीच्या रेषेवर ते आता खरं नाही.

मग पैशापलीकडचं बघा

माणशी ६५ रुपये खर्च करणाऱ्या घरात शौचालय नसेल, पोरगी सातवीत शाळा सोडून बसली असेल, चूल लाकडाची असेल, तर त्याला गरीब नाही म्हणायचं? यासाठी २०१० पासून यूएनडीपी (संयुक्त राष्ट्रांची विकासाचं काम करणारी संस्था) आणि ऑक्सफर्ड विद्यापीठातला एक गट मिळून बहुआयामी गरिबी निर्देशांक काढतात, आरोग्य, शिक्षण आणि राहणीमान असे तीन भाग आणि त्यात दहा गोष्टी, पोषण, बालमृत्यू, शाळेची वर्षं, हजेरी, इंधन, संडास, पाणी, वीज, घर, वस्तू. साधारण एक तृतीयांश गोष्टींची उणीव असेल तर ते घर गरीब. या मापाने भारत २००५-०६ मध्ये ५५.१ टक्के होता आणि २०१९-२१ मध्ये १६.४ टक्के, चाळीस कोटींहून जास्त माणसं बाहेर आली.

नीती आयोगाचा आकडा वेगळा असतो कारण त्यांनी माता आरोग्य आणि बँक खातं घालून बारा गोष्टी धरल्यात, जनधननंतर बँक खातं जवळपास सगळ्यांकडे आलं हे ध्यानात ठेवून तो वाचायचा. पण त्याचा एक मोठा फायदा आहे, जिल्हावार आकडे मिळतात. महाराष्ट्राची सरासरी २०१९-२१ मध्ये ७.८१ टक्के, ऐकायला छान, पण २०१५-१६ च्या डेटात नंदुरबार जिल्ह्यातले अर्ध्याहून जास्त लोक गरीब होते. अक्कलकुवा-धडगावच्या पाड्यावरचा माणूस आणि ठाण्यातला फ्लॅटवाला यांची सरासरी काढून काय मिळणार? राज्याचा आकडा दिसला की जिल्ह्याचा मागायचा, हे मी हट्टाने सांगतो.

आमच्यामुळे कमी झाली, असं कोण म्हणतं

आता सगळ्यात अवघड भाग. गरिबी कमी झाली की श्रेय घ्यायला रांग लागते, त्यामुळे कशामुळे कमी झाली हे कसं तपासायचं ते बघू.

मोठं चित्र आधी. १९९० नंतरच्या घटीतला सगळ्यात मोठा वाटा चीनचा आहे. पूर्व आशियात १.९० च्या रेषेखाली १९९० मध्ये ६० टक्क्यांच्या वर लोक होते, २०१५ मध्ये अडीच टक्केही नाहीत. हे कुठल्या मदतनिधीतून झालं नाही. १९७८ मध्ये आन्ह्वी प्रांतातल्या श्याओगांग गावच्या १८ शेतकऱ्यांनी चोरून करार केला आणि सामुदायिक शेती घरोघर वाटून घेतली, पुढे तीच पद्धत देशभर गेली, शेतात पीक वाढलं, मग गावाजवळचे कारखाने, मग किनाऱ्यावरची निर्यात, त्याआधीच्या दशकांत झालेलं प्राथमिक शिक्षण आणि आरोग्याचं कामही पाठीशी होतं. चाळीस वर्षांत ८० कोटींच्या जवळपास माणसं वर आली. सरकारने २०२१ मध्ये अतिगरिबी संपल्याचं जाहीर केलं ते त्यांच्या स्वतःच्या रेषेवर, २०१० च्या किमतींनी वर्षाला २३०० युआन. व्हिएतनाममध्ये १९८६ च्या दोई मोई सुधारणांनंतर साधारण असंच झालं. म्हणजे संयुक्त राष्ट्रांचं १९९० ते २०१५ मध्ये गरिबी निम्मी करायचं उद्दिष्ट २०१० मध्येच पूर्ण झालं त्यात न्यूयॉर्कच्या ठरावापेक्षा चिनी शेतकऱ्याचा आणि कामगाराचा हात मोठा.

पण नुसती वाढ झाली की सगळे आपोआप वर येतात असंही नाही, म्हणून योजना लागतात, आणि योजनेचा दावा तपासायचा एकच खरा प्रश्न आहे, योजना नसती तर काय झालं असतं? ‘आमच्या योजनेनंतर गरिबी कमी झाली’ यात ‘नंतर’ आहे, ‘मुळे’ नाही. मेक्सिकोने १९९७ मध्ये प्रोग्रेसा सुरू करताना याचं उत्तर देण्याची सोय आधीच केली, ५०६ गावं घेतली, त्यातल्या ३२० गावांत चिठ्ठ्या टाकल्यासारखं निवडून आधी सुरुवात केली, १८६ गावांत नंतर. आईच्या हातात पैसे, अट एवढीच की पोरं शाळेत आणि दवाखान्यात गेली पाहिजेत. दोन्ही गटांची तुलना केल्यावर शाळेतली हजेरी खरंच वाढलेली दिसली, विशेषतः मोठ्या मुलींची. त्यामुळे सरकार बदललं तरी योजना नाव बदलून पुढची वीस वर्षं टिकली आणि ब्राझीलच्या बोल्सा फॅमिलियासारख्या योजनांना आधार मिळाला.

अशा पद्धतीच्या कामासाठी २०१९ चं नोबेल अभिजीत बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि मायकेल क्रेमर यांना मिळालं. (अभिजीत विनायक बॅनर्जींचा जन्म मुंबईचा आणि त्यांच्या आई निर्मलाताई माहेरच्या पाटणकर, स्वतः अर्थतज्ज्ञ.) या पद्धतीने काही लाडक्या समजुतींना धक्के बसले. छोट्या कर्जांचंच घ्या. हैदराबादच्या १०४ वस्त्यांपैकी निम्म्यांत आधी मायक्रोफायनान्सची शाखा उघडली आणि तुलना केली, काही लोकांचे धंदे थोडे वाढले, पण सरासरी घराचं राहणीमान बदललं असं दिसलं नाही. सहा देशांतल्या अशा अभ्यासांचा सूर तोच होता, थोडा फायदा, कायापालट नाही. आपल्याकडे बचत गटांच्या नावाखाली आठवड्याच्या हप्त्याने पिचलेल्या बायका ज्यांनी पाहिल्यात त्यांना हे पटेल.

याउलट ज्याने खरंच फरक पडला ते बांगलादेशच्या ब्रॅक या स्वयंसेवी संस्थेने २००२ मध्ये सुरू केलेलं मॉडेल. सगळ्यात गरीब घर शोधायचं, त्यांना कर्ज द्यायचं नाही, गाय नाहीतर शेळ्या द्यायच्या, ती विकून खावी लागू नये म्हणून काही महिने घरखर्चाला थोडे पैसे, शिकवणं, बचत, औषधपाणी, आणि दर आठवड्याला कुणीतरी घरी येऊन विचारपूस करणार. इथिओपिया, घाना, होंडुरास, भारत, पाकिस्तान आणि पेरू अशा सहा देशांत हे दहा हजारांवर घरांत तपासलं, निष्कर्ष २०१५ मध्ये आले, मदत थांबून वर्ष झालं तरी बहुतेक ठिकाणी खर्च आणि मालमत्ता वाढलेली होती. पश्चिम बंगालमधल्या घरांकडे तर दहा वर्षांनी परत जाऊन बघितलं, फायदा टिकलेला होता. माझ्या मते गरिबीवरच्या कामातली ही सगळ्यात आशा वाटणारी गोष्ट आहे. ती महाग पडते, दर घरामागे माणूस लागतो, म्हणून सरकारं पटकन उचलत नाहीत.

आणि नुसते पैसे वाटले तर लोक दारूत उडवतात, महागाई वाढते, हे आपण घरोघर ऐकतो ना? केनियाच्या सियाया भागात ६५३ गावं घेतली आणि त्यातल्या निम्म्या गावांत दहा हजारांवर घरांना प्रत्येकी एकूण सुमारे १००० डॉलर दिले गेले. त्या पैशाने गावात उलाढाल वाढली, ज्यांना पैसे मिळाले नव्हते त्या शेजाऱ्यांचंही उत्पन्न वाढलं, दिलेल्या दर डॉलरमागे स्थानिक अर्थव्यवस्थेत अडीच डॉलरच्या आसपास भर पडली, आणि महागाई नगण्य. अर्थात जिथे दुकानात माल आणि गावात रिकामे हात आहेत तिथे हे झालं, सगळीकडे असंच होईल असा याचा अर्थ काढू नका.

आपली रोजगार हमीही याच रांगेतली. १९७२ च्या दुष्काळात वि. स. पागे यांच्या कल्पनेतून ती महाराष्ट्रभर उभी राहिली, १९७७ चा कायदा १९७९ पासून लागू झाला, आणि पुढे २००५ चा देशाचा रोजगार हमी कायदा तिच्यावरूनच आला. तिच्यात एक फार शहाणी गोष्ट होती, गरिबांची यादी करायचीच नाही, जो उन्हात खडी फोडायला येईल त्याला गरज आहे असं धरायचं, त्यामुळे यादीत नाव घालायला सरपंचाच्या मागे फिरायला नको. आणि पैसा? तुमच्या पगाराच्या स्लिपवर महिन्याला २०० आणि फेब्रुवारीत ३०० रुपये ‘पीटी’ म्हणून कापले जातात ना, तो व्यवसाय कर १९७५ मध्ये रोजगार हमीसाठीच आणला होता. मुंबईच्या नोकरदाराने बीडच्या मजुराचा दुष्काळातला पगार भरायचा अशी ती सोय, मला तिचा अभिमान वाटतो.

कोण मोजलंच गेलं नाही

सर्व्हे घरी होतो. ज्याला घर नाही, फुटपाथवर किंवा पुलाखाली राहतो, तो यात सहसा येत नाही. ऊसतोडीला सहा महिने बाहेर गेलेल्या घराला कुलूप असेल तर सर्व्हेत त्याच्याऐवजी दुसरं घर घ्यायची पद्धत असते. शिवाय घरातला खर्च माणसांच्या संख्येने सारखा भागतात, म्हणजे सगळ्यात शेवटी उरलंसुरलं खाणारी सून आणि ताटात आधी वाढून घेणारा सासरा कागदावर सारखेच. बायकांची गरिबी या आकड्यांत दिसत नाही ती यामुळे.

आणि जिथे युद्ध चालू आहे तिथे सर्व्हेच होत नाही. वर्ल्ड बँकेच्या २०२५ च्या अंदाजाप्रमाणे संघर्ष आणि अस्थिरता असलेल्या ३९ देशांत ४२ कोटींवर अतिगरीब आहेत, उरलेल्या सगळ्या जगापेक्षा जास्त. तिथल्या अनेक देशांचे आकडे जुन्या सर्व्हेवरून पुढे ओढलेले असतात. इथेच मदतही आटतेय. श्रीमंत देशांनी उत्पन्नाच्या ०.७ टक्के मदत द्यायची हे १९७० मध्ये ठरलं, २०२४ मध्ये सरासरी ०.३३ टक्के होती आणि आधीच्या वर्षापेक्षा सात टक्क्यांनी कमी, जुलै २०२५ मध्ये तर अमेरिकेची परदेशांना मदत देणारी यूएसएड ही संस्थाच बंद झाली. त्यामुळे चीनमधून किंवा भारतातून गरिबी जशी गेली तशीच उरलेलीही जाईल असं धरून चालू नका, उरलेले गरीब जास्त अवघड जागी आहेत.

आता स्वतः करून बघा

वर्ल्ड बँकेची पीआयपी नावाची फुकट साइट आहे, पीआयपी डॉट वर्ल्डबँक डॉट ऑर्ग, मोबाईलवरही उघडते पण लॅपटॉपवर बरं दिसतं. तिथे देश निवडा, दारिद्र्यरेषेची रक्कम स्वतः टाका, टक्का येतो. सुरुवात भारतापासून करा, आधी ३ टाका, मग ४.२०, मग ८.३०. मग हेच बांगलादेश, व्हिएतनाम, नायजेरिया यांच्यासाठी. प्रत्येक वेळी सर्व्हे कुठल्या वर्षाचा आणि खर्चाचा की उत्पन्नाचा हे शेजारी लिहून ठेवा, कारण आलेख गुळगुळीत दिसला तरी खाली खरे सर्व्हे चार-पाचच असू शकतात. महाराष्ट्रासाठी नीती आयोगाचा रिपोर्ट डाउनलोड करा आणि आपला जिल्हा काढा. जिल्ह्यात टक्का कमी असेल तरी कुठल्या गोष्टीत उणीव जास्त आहे ते बघा, बऱ्याच ठिकाणी पोषणाची उणीव मोठी निघते.

आणि पुढच्या वेळी ग्रुपवर फॉरवर्ड आला की भांडायला जाऊ नका, चार प्रश्न टाका, रेषा किती डॉलरची किंवा रुपयांची, सर्व्हे कुठल्या वर्षाचा, दोन्ही वर्षांना पद्धत एकच आहे का, आणि टक्के की माणसं. टाकणाऱ्याला उत्तर माहीत नसेल तर तुम्ही शोधून द्या, मराठीत द्या, लिंकसकट द्या. देणगी मागायला कुठली संस्था आली तर तिलाही विचारा की तुमच्या कामाची तुलना तुम्ही कुणाशी केलीत, जिथे तुम्ही गेला नाहीत अशा गावाचा डेटा आहे का. चांगलं काम करणाऱ्याला या प्रश्नाचा राग येत नाही, बऱ्याचदा तो खुर्ची ओढून बसतो आणि तासभर बोलतो.